एसीत बसूनही दमतात पोरं

वस्तीतला पहिला इंजिनिअर हिंजवडीला लागला की घरोघर पेढे जातात. दोन-तीन वर्षांनी तोच पोरगा पित्त, डोकेदुखी, झोप नाही म्हणून आमच्याकडे येतो. काम काय, तर मेंटेनन्स. दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या. एक तक्रार मिटली की दुसरी. स्वतःचं नवं काही घडवायला नाही. सोडावं तर घराचा हप्ता, बहिणीची फी. घरी बोललं तर, "एसीत बसून कसला दमतोस रे?" आजोबांनी उन्हात दगड फोडले हे खरंच, पण म्हणून याचा शीण खोटा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला जागा दिली, तीही आजार म्हणून नव्हे, कामाच्या न हटणाऱ्या ताणाचा परिणाम म्हणून. नुसत्या पित्ताच्या गोळ्यांनी भागणार कसं?

रात्रपाळीहून आलेल्याला पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप कुठली! आम्ही वॉर्डात रात्रपाळ्या काढल्यात, आम्हाला विचारा. खिडकीला जाड चादर लावा, टीव्ही बंद ठेवा, सात तास त्याला दळणाला धाडू नका. जागरणाच्या डोक्याने राजीनामा लिहू नये. आधी कंपनीतच दुसरं काम मागून पाहावं. उदासी दोन आठवडे हटत नसेल तर 'टेलिमानस'ला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. जगणंच नको वाटत असेल तर त्याच दिवशी लावा, आणि त्याला एकटं ठेवू नका.