देवाचं वर्णन माणसाच्या शब्दांत करता येतं का? ख्रिस्ती विचार काय सांगतो?

देव 'बाप' आहे, 'प्रभू' आहे, 'मेंढपाळ' आहे. मराठी चर्चमध्ये हे शब्द नेहमी ऐकू येतात. पण ते सगळे माणसांच्या व्यवहारातले. मग ते देवाला लागू कसे पडतात? पूर्ण लागू पडतात म्हटलं, तर देव माणसाएवढाच होतो. अजिबात लागू पडत नाहीत म्हटलं, तर प्रार्थना म्हणजे निव्वळ आवाज उरतो.

मधला मार्ग कोणता?

तेराव्या शतकातले धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी यातून वाट काढली. ती समजण्यासाठी एक साधं उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यात कोणी म्हणतं, 'ही मशीन चांगली आहे' आणि 'आमचा सुपरवायझर चांगला आहे'. शब्द एकच. पण मशीन न अडकता चालते आणि सुपरवायझर माणसं सांभाळून घेतो. अर्थ अगदी सारखा नाही, पण संबंध तुटलेलाही नाही. 'देव चांगला आहे' हे वाक्यही असंच समजावं, असं अक्वायनस यांचं म्हणणं. म्हणजे शब्द खरा, पण अपुरा.

त्याआधी १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनेही बजावलं होतं, की देव आणि माणूस यांच्यात कितीही साम्य दिसलं, तरी फरक त्याहून मोठाच असतो.

मराठीत हा पेच कसा आला?

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द आहे. वाचकाला ओळखीचा शब्द मिळाला, पण त्याच्यासोबत विष्णूही आला.

पंडिता रमाबाईंचा कल उलटा होता. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल साध्या मराठीत आणलं. हिंदू तत्त्वज्ञानाशी जोडलेले शब्द टाळायचे आणि कमी शिकलेल्या बाईलाही मजकूर कळला पाहिजे, हा त्यांचा प्रयत्न. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात होत्या.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला आई आणि गुरू अशी हाक मारली. 'बाप' म्हटल्यावर ज्याला फक्त घरातला धाक आठवतो, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

मग उत्तर काय?

देवाबद्दल बोलता येतं, पण बोलून संपवता येत नाही. म्हणून एकाच शब्दावर अडून बसलं, की त्या शब्दाने दुखावलेला माणूस दाराबाहेर राहतो. आणि शब्दच सोडून दिले, तर हाक कशी मारणार?