फी भरली, पण इंग्रजीचं काय?

समजा, तुमच्या मावशीला ऑनसाइट मिळालंय. पुण्याहून थेट न्यू जर्सी. सोबत आठवीतला मावसभाऊ, मराठी माध्यमातला. इंग्रजी वाचता येतं त्याला, पण समोरचा भरभर बोलायला लागला की पठ्ठ्याचा चेहरा कोरा. मावशीचा व्हॉट्सॲपवर प्रश्न येतो : ‘‘शाळा सरकारी बघू की प्रायव्हेट?’’ तुम्ही क्षणाचाही विचार न करता टाइप करता, ‘‘प्रायव्हेट! प्रश्नच नाही.’’

थांबा. तो मेसेज अजून पाठवू नका.

आपल्याकडे नावात ‘पब्लिक स्कूल’ असलं की ती हमखास खासगी निघते. अमेरिकेत पब्लिक म्हणजे खरोखरच सरकारी, आणि फुकट. ती चालवतं स्कूल डिस्ट्रिक्ट. हा आपला कलेक्टरवाला जिल्हा नव्हे. एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या शाळांचा कारभार बघणारी स्थानिक संस्था. आणि इंग्रजी न येणारं मूल दारात आलं, तर या डिस्ट्रिक्टला हात वर करता येत नाहीत.

हे आपोआप नाही झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांमध्ये सुमारे १,८०० चिनी मुलं इंग्रजी कळत नसताना नुसती वर्गात बसून होती. पालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की सगळ्यांना तेच बाक, तेच पुस्तक, तेच शिक्षक दिले म्हणजे समान संधी दिली असं होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक बंदच. तेव्हापासून अशा मुलांना ओळखणं, त्यांना इंग्रजी शिकवणं आणि तोवर बाकीचे विषयही कळतील असं बघणं, हे सरकारी शाळेचं कर्तव्य आहे. उपकार नव्हे.

आता मावसभाऊ खासगी शाळेत गेला तर? सरकारी मदत न घेणाऱ्या खासगी शाळेवर हे कर्तव्य नाही. पण गंमत पुढे आहे. डिस्ट्रिक्टची जबाबदारी तिथे पूर्ण संपत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकार डिस्ट्रिक्टला जो जादा निधी देतं (शिक्षण कायद्यातलं ‘टायटल थ्री’ हे कलम), त्यात त्या हद्दीतल्या खासगी शाळांतल्या अशा मुलांचाही वाटा असतो. दरडोई खर्च सरकारी मुलाइतकाच. मूल राहतं कुठे हे बघायचं नाही, शाळा कुठे आहे ते बघायचं. पैसे मात्र खासगी शाळेच्या हातात पडत नाहीत. शिक्षक डिस्ट्रिक्टचा किंवा त्याने नेमलेला, पुस्तकं-टॅब डिस्ट्रिक्टच्या मालकीचे, आणि शिकवण्यात धर्माचा लवलेश नको.

हा धर्माचा मुद्दा साधा वाटतो ना? त्यावरून न्यूयॉर्कमध्ये अजब प्रकार झालाय. गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी वाचन, गणित, इंग्रजीचे जादा वर्ग घ्यायला सरकारी शिक्षक चर्चच्या शाळांमध्ये जायचे. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे चालणार नाही. सरकार आणि धर्म वेगळे ठेवा. मग काय? चाकांवरचे वर्ग आणून शाळेच्या बाहेर उभे केले. मुलांनी आपल्या वर्गातून उठायचं, दाराबाहेर पडायचं, व्हॅनमध्ये बसून शिकायचं, परत आत जायचं. अशा व्हॅन आणि भाड्याच्या जागा यांवर शहराचे १० कोटी डॉलरहून जास्त गेले. तेही मुलांच्या शिक्षणाच्या पैशातून. अखेर १९९७ मध्ये कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला आणि शिक्षकांना शाळेच्या आत जायला परवानगी मिळाली.

तर हक्क आहे, शिक्षक आत येऊ शकतो. मग अडतं कुठे? मला विचाराल तर दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे किल्ली कुणाकडे आहे. डिस्ट्रिक्टने खासगी शाळांशी वेळेवर चर्चा करायची असते : मुलं कशी ओळखायची, काय शिकवायचं, कुठे, कोण शिकवणार, पैसे किती. पण खासगी शाळा ‘‘आम्हाला नको’’ म्हणाली की विषय संपला. कागदपत्रांची कटकट नको म्हणून, किंवा ‘आमच्याकडे अशी मुलं नाहीतच’ या तोऱ्यात एखादी शाळा नाही म्हणू शकते. मूल आणि पालक यांना कुणी विचारतही नाही.

दुसरं म्हणजे पैसा. २०२४ साली या निधीत ८९ कोटी डॉलर होते आणि सरकारी शाळांत इंग्रजी शिकणारी मुलं सुमारे ५० लाख. भागाकार तुम्हीच करा. डोकी पावणेदोनशेच्या आसपास, तेही राज्याने आपला हिस्सा कापण्याआधी. शाळेत अशी तीनच मुलं असतील तर वर्षाला पाचशे डॉलर! त्यात शिक्षक सोडा, शिक्षकांचं एखादं ट्रेनिंग किंवा एखादं सॉफ्टवेअर येतं. म्हणून काही ठिकाणी आजूबाजूच्या शाळा आपले वाटे एकत्र करतात. सरकारी शाळेत हा निधी म्हणजे वरची साय असते, खालचं दूध ‘लाऊ’मुळे डिस्ट्रिक्टला द्यावंच लागतं. खासगीत बऱ्याचदा नुसती सायच, आणि तीही पातळ.

न्यू जर्सीचं नशीब जरा बरं. तिथे १९७७ पासून ‘चॅप्टर १९२’ नावाचा राज्याचा कायदा आहे, आणि त्यात खासगी शाळांतल्या पात्र मुलांसाठी राज्याच्या पैशातून इंग्रजीचे वर्ग मिळू शकतात. पण त्यासाठी पालकाने अर्ज करावा लागतो आणि त्याआधी असा काही अर्ज असतो हे माहीत असावं लागतं.

अजून एक. प्रवेशाच्या वेळी ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असा फॉर्म येतो. आपली माणसं तिथे इंग्रजी लिहून मोकळी होतात. पोराला खालच्या वर्गात टाकतील, वेगळा बसवतील, ही धास्ती. पण अनेकदा मूल ओळखण्याची पहिली पायरीच ती असते. तिथे मराठी लिहायला काय लाज?

वारंही सध्या उलटं आहे. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला, पाठोपाठ शिक्षण खात्याने या मुलांबद्दलच्या शाळांच्या जबाबदाऱ्या समजावणारं २०१५ चं पत्रक मागे घेतलं. पण अशा आदेशाने कोर्टाचा निकाल पुसला जात नाही, की संसदेचा कायदाही.

आता मावशीचा चॅट उघडा. खासगी शाळा वाईट, असं लिहू नका; काही खरंच छान असतात. एवढंच लिहा, की फी भरायच्या आधी ऑफिसात विचार : तुम्ही डिस्ट्रिक्टकडून टायटल थ्रीच्या सेवा घेता का? चॅप्टर १९२ चा अर्ज कुठे मिळेल? आठवड्यातून किती वेळ आणि कोण शिकवणार? समोरच्याने खांदे उडवले, तर सरकारी शाळेत चक्कर मार आणि तिथेही हेच विचार. आणि शाळेने हो म्हणूनही डिस्ट्रिक्टने टाळाटाळ केली, तर खासगी शाळांसाठी प्रत्येक राज्यात एक लोकपाल असतो. राज्याकडे तक्रार पालकही करू शकतात, आणि तिचं लेखी उत्तर ४५ दिवसांत द्यावं लागतं.