व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरमधील ध्वनिदोष

चुंबकीय फितीवर चित्र व ध्वनी यांचे मुद्रण आणि पुनरुत्पादन करणाऱ्या घरगुती यंत्रात आवाज बंद पडणे, घोगरा होणे, थरथरणे किंवा त्यात गुणगुण मिसळणे यांस ध्वनिदोष म्हणतात. जपानमधील जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये प्रचारात आणलेल्या व्हीएचएस पद्धतीतील अशा दोषांचा येथे विचार केला आहे.

ध्वनिमुद्रणाचे प्रकार : सु. १२.७ मिमी. रुंदीच्या फितीवर फिरत्या दंडगोलावरील शीर्षे (हेड) चित्र तिरप्या पट्ट्यांत मुद्रित करतात. ध्वनी मात्र एक स्थिर शीर्ष वरच्या कडेलगतच्या सु. १ मिमी. रुंद सरळ पट्ट्यावर मुद्रित करते. त्यामुळे चित्र स्वच्छ असूनही ध्वनी बिघडू शकतो. पाल पद्धतीत फितीचा वेग सेकंदास सु. २.३४ सेंमी., म्हणजे साध्या ध्वनिकॅसेटच्या वेगाच्या जवळजवळ निम्मा असतो. परिणामी उच्च कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या अधिक असलेले) स्वर मुळातच क्षीण उमटतात व शीर्षावर थोडा मळ साचला, तरी लोपतात. १९८०–९० या दशकात आलेल्या हाय-फाय यंत्रांत ध्वनी फिरत्या शीर्षांद्वारेही, चित्राखालील खोल थरात, मुद्रित होतो.

निदान व उपाय : प्रथम जोडणी तपासून सुस्थितीतील दुसरी फीत लावावी. तिचा आवाज चांगला आल्यास दोष बहुधा मूळ फितीत असतो. सर्वच फितींचा आवाज घोगरा असल्यास स्थिर शीर्ष मळलेले किंवा कललेले असते. कललेल्या शीर्षाने मुद्रित केलेली फीत त्याच यंत्रावर चांगली वाजते, अन्यत्र घोगरी. म्हणून एका फितीवरून शीर्षाचे स्क्रू फिरवू नयेत. थरथरता आवाज हा फीत ओढणाऱ्या दंडावरील मळाचा किंवा कठीण झालेल्या रबरी रुळाचा परिणाम असतो. हाय-फाय ध्वनीत गुणगुण आल्यास ‘ट्रॅकिंग’ जुळवावे. ती न थांबल्यास कडेचा पट्टा निवडावा. फितीची कड चुरगळली असल्यास याउलट करावे. नव्या मुद्रणात जुना आवाज ऐकू येणे हे पुसणाऱ्या शीर्षाच्या बिघाडाचे लक्षण होय.

स्वच्छतेपूर्वी विद्युत् पुरवठा तोडावा. स्थिर शीर्ष आयसोप्रोपिल अल्कोहॉलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाने पुसावे. फिरत्या शीर्षांना कापूस लावू नये, कारण त्याचे तंतू अडकून नाजूक टोके मोडतात. बुरशी आलेली फीत यंत्रात घालू नये. बुरशी शीर्षांवर व पुढे इतर फितींवर पसरते.

फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबविले. ते करणारी ती शेवटची ज्ञात कंपनी होती. यामुळे सुटे भाग दुर्मिळ झाले असून, घरगुती फितींवर दिवंगत आप्तांचे आवाजही असू शकतात. म्हणून दोष दूर होऊन फीत नीट वाजू लागताच तिची अंकीय प्रत करून ठेवणे इष्ट होय.