विश्लेषण : तिवरे धरणफुटीतले खेकडेच का लक्षात राहिले? बातम्यांच्या वेगात तज्ज्ञांचे म्हणणे कुठे हरवते?

रत्नागिरी : तिवरे धरणाचे नाव काढले की आजही अनेकांना आधी खेकडे आठवतात. वीसहून अधिक जणांचा बळी घेणाऱ्या दुर्घटनेची ओळख एका विधानापुरती कशी उरली? आणि त्या गदारोळात धरणाखाली राहणाऱ्यांच्या उपयोगाची कोणती माहिती मागे पडली?

नेमके काय घडले होते?

२ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार आधीच केली होती, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले.

मात्र काही दिवसांतच तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी गळतीचे खापर खेकड्यांवर फोडले आणि चर्चेची दिशाच बदलली. मीम आणि व्यंगचित्रांचा पाऊस पडला. ठाण्यात राष्ट्रवादी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी खेकडे घेऊन थेट पोलीस ठाणे गाठले.

खेकड्यांचा मुद्दा निव्वळ हास्यास्पद होता का?

तसे नाही. प्राण्यांची बिळे हा मातीच्या धरणांसाठी ओळखीचा धोका आहे. अमेरिकेच्या ‘फेमा’ या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने २००५ मध्ये याच विषयावर धरणमालकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती.

पण धोका माहितीचा आहे म्हणूनच तो सबब ठरू शकत नाही. बिळे शोधणे, ती बुजवणे आणि भरावावरची झाडेझुडपे काढणे ही देखभालीची नेहमीची कामे आहेत. त्यामुळे खरे प्रश्न दोनच होते : शेवटची पाहणी कधी झाली आणि तक्रारीनंतर काय केले गेले? ‘खेकडे की माणसे’ या वादात हे प्रश्न मागे पडले.

मातीचे धरण कसे फुटते?

ढोबळमानाने दोन प्रकार जास्त आढळतात. पहिल्यात सांडवा अपुरा पडतो, पाणी भरावावरून वाहते आणि माती धुपते. दुसऱ्यात पाणी भरावाच्या आतून वाट काढते आणि जाताना मातीचे कण सोबत नेते. आतल्या आत नळीसारखी पोकळी तयार होत जाते. अभियंते याला ‘पाइपिंग’ म्हणतात.

मातीच्या धरणातून थोडा पाझर असतोच. पाझराचे पाणी स्वच्छ असेल आणि त्याचे प्रमाण स्थिर असेल, तर फक्त लक्ष ठेवावे लागते. ते अचानक वाढले किंवा गढूळ झाले, तर आतली माती वाहून जात असल्याची शक्यता असते. अशा वेळी प्रशासनाला तातडीने कळवणे आणि धरणाखालची वस्ती हलवणे गरजेचे ठरते.

ही माहिती बातमीत मागे का पडते?

कारण ती जुनी आणि संथ असते. मोबाइलच्या पडद्यावर नावीन्य जिंकते. अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के अधिक असल्याचे त्यांना आढळले. खोट्या बातमीत वाटणारा नवेपणा हे त्यामागचे एक कारण असावे, असे २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी मांडले.

खेकड्यांचे विधान ही काही खोटी बातमी नव्हती. मंत्री खरोखरच तसे बोलले होते. पण विधानातले नावीन्य लक्ष खेचून घेते आणि कारणमीमांसेसाठी जागा उरत नाही, हे इथेही दिसले.

तज्ज्ञांवरचा विश्वास कसा घटतो?

दुर्घटनेनंतर काही तासांतच ‘कारण काय?’ असे विचारले जाते. ‘तपासल्याशिवाय सांगता येणार नाही’ हे अभियंत्याचे उत्तर प्रामाणिक असते, पण ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. राजकीय नेता मात्र लगेच ठाम बोलतो. चौकशीला काही महिने लागतात आणि तोवर पडद्यावर नवा विषय आलेला असतो. मग ‘हे लोक रोज काहीतरी वेगळेच सांगतात’ असा समज पक्का होतो.

अर्थात, सगळा दोष माध्यमांचा नाही. तक्रार करूनही कोणी दाद दिली नाही असा ज्यांचा अनुभव असतो, त्यांचा ‘धरण सुरक्षित आहे’ या सरकारी वाक्यावर विश्वास बसणे कठीणच. रोज बांधावरून ये-जा करणाऱ्याने पाहिलेली गळती हीसुद्धा तांत्रिक माहितीच असते. ती नोंदवून घेतली, तरच तज्ज्ञांचे पुढचे म्हणणे लोक ऐकतात.

वाचकांनी काय पाहावे?

बातमीत कारण सांगणारी व्यक्ती कोण आहे आणि तिने जागेची पाहणी केली आहे का, हे आधी पाहावे. चौकशी जाहीर झाली असेल, तर तिचा अहवाल कधी येणार हे लक्षात ठेवावे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार १५ मीटरहून उंच आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी बंधनकारक आहे. गावाच्या वर असे धरण असेल, तर यंदाची पाहणी झाली का, हे ग्रामसभेत विचारता येते.

आणि भरावाच्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसले, तर व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तहसील कार्यालयाला फोन करावा.