तंतू आणि ओलावा

कपडे वाळविण्याची सुती किंवा अंबाडीची दोरी उन्हाळ्यात सैल लोंबत असते. पावसाची पहिली सर येऊन गेली की तीच ताठ होते. भिजल्याने वस्तू फुगते हे खरे असेल, तर दोरीची लांबी वाढावयास हवी. ती उलट आखडते. या विसंगतीची उकल झाली म्हणजे कापूस, ताग, अंबाडी, काथ्या अशा वनस्पतिजन्य तंतूंचे पाण्याशी असलेले नाते ध्यानात येते.

हे तंतू मुख्यतः सेल्युलोज या द्रव्याचे बनलेले असतात. सेल्युलोजचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या असून त्या बहुतांशी तंतूच्या लांबीच्या दिशेने पसरलेल्या असतात. जेथे त्या एकमेकींना घट्ट बिलगून असतात, तेथे पाण्याला शिरकाव मिळत नाही. जेथे ही रचना विस्कळीत असते, तेथे पाण्याचे रेणू साखळ्यांना चिकटतात व त्यांना परस्परांपासून दूर लोटतात. म्हणून तंतू आडवा फुगतो, लांबीत मात्र फारसा वाढत नाही. पाण्यात बुडविलेल्या कापसाच्या तंतूची जाडी सुमारे २० टक्क्यांनी वाढते. आता दोरी म्हणजे पिळलेल्या तंतूंचा जुडगा. तंतू जाड झाले की पिळाचा प्रत्येक वेढा मोठा होतो, त्यात तंतूची अधिक लांबी खर्ची पडते, आणि दोरी आखूड होते.

पाणी शोषण्यासाठी तंतू भिजावाच लागतो असे नाही. हवेतील वाफही त्याला पुरते. म्हणून व्यापारात १०० किलो पूर्ण कोरड्या कापसामागे ८.५ किलो, तर तागामागे १३.७५ किलो पाणी हिशेबात धरण्याचा संकेत आहे. त्याहून ओला माल तोलून घेणारा गिऱ्हाईक कापसाच्या भावाने पाणीच विकत घेत असतो! शिवाय ओल्या गाठींना बुरशी लागून तंतूचा रंग व बळ दोन्ही जातात.

तथापि ओलावा हा तंतूचा केवळ शत्रू नव्हे. कापसाचा तंतू ओला असता कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो; सुती कपडे वारंवार धुणे सोसतात ते यामुळेच. कोरड्या हवेत सूत तटातट तुटते, म्हणून गिरण्यांत हवा मुद्दाम दमट राखावी लागते. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. त्या शहराची सागरी हवा या धंद्याला मानवली. प्रवासातील कॅनव्हासची छागलही याच गुणावर चाले. भिजलेले धागे फुगून विणीतील छिद्रे बुजत. जे थोडे पाणी झिरपे, त्याच्या बाष्पीभवनाने आतील पाणी गार होई.

पण हाच तंतू कृत्रिम राळेत बसविला की गुणाचा दोष होतो. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात निघालेल्या ट्राबांट मोटारीचे बाह्य पत्रे टाकाऊ कापूस व राळ यांपासून बनवीत. ते गंजत नसत. आज जवस, अंबाडी, ताग यांचे तंतू राळेत घालून मोटारींच्या दारांचे आतील भाग तयार होतात. काचतंतूंपेक्षा हे तंतू हलके असून शेतात पिकतात. परंतु काच पाणी पीत नाही, तंतू पितो. तंतू फुगतो, भोवतालची राळ तितकी फुगत नाही. त्या ताणाने राळेस बारीक तडे जातात. वाळल्यावर तंतू आकसून राळेपासून सुटतो, फट राहते, आणि पुढच्या वेळी त्या फटीतून पाणी दिव्याच्या वातीतील तेलासारखे आत ओढले जाते. असे काही वेळा घडले की तक्त्याचे बळ ओसरते.

यावर उपाय आहेत. तंतू आधी पूर्ण वाळविणे, दाहक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुऊन त्यांवरील मेणासारखे द्रव्य काढणे म्हणजे राळ घट्ट धरते, आणि कापलेल्या कडा लेप देऊन बंद करणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. शेवटचा उपाय गृहस्थाच्याही हातचा आहे. न्हाणीघराच्या दाराची लाकडी फळी बहुधा मधून नव्हे, तर खालच्या उघड्या कडेपासून फुगू लागते. कारण तेथे कापलेल्या तंतूंची तोंडे पाण्यासाठी उघडी असतात. दार बसविण्यापूर्वी त्या कडेला रंगाचे दोन हात दिले, तर पुष्कळ वर्षांचे नुकसान टळते.