बिलबुकातले इंग्रजी आणि दहावीचा पेपर

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर घरी आले की आपल्या वस्तीत दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. उर्दू जमले, मराठी जमले, गणितही कसेबसे जमले. इंग्रजीत मात्र गाडी अडली. मग बाप मंडळी बाजारातून जाडजूड गाइड आणतात, मुलाला क्लासला घालतात आणि पुन्हा आपल्या दुकानावर जाऊन बसतात. यंदा माझ्याही घरी हेच घडले. धाकट्या मुलीला ८० पैकी २६ गुण पडले. गाइड मीही आणले, परंतु ते उघडण्याआधी मी तिला पेढीवरच्या फाइलीतले एक जुने पत्र वाचायला दिले. त्या पत्राने मला आठ हजार रुपये घेऊन व्याकरण शिकवले होते.

गोष्ट १९९४ सालची आहे. मुंबईच्या एका तयार कपड्यांच्या कारखानदाराशी आमचे चार हजार मीटर ग्रे कपड्याचे बोलणे झाले होते. त्याच्या भरवशावर मी मालेगावात लूमवर माल लावलाही होता. नमुना पाठवल्यावर त्यांचे पत्र आले. त्यात एक वाक्य होते, 'अनलेस वुई हिअर फ्रॉम यू बाय सॅटर्डे, वुई शॅल बाय एल्सव्हेअर.' मी वाचले ते असे, शनिवारपर्यंत ऐकू, आम्ही खरेदी करू. 'अनलेस' आणि 'एल्सव्हेअर' हे दोन शब्द मी सोडून दिले. मोठ्या लोकांच्या पत्रात असे भारी शब्द असायचेच, असे वाटले. शनिवारपर्यंत मी त्यांच्या निरोपाची वाट पाहत होतो आणि ते माझ्या. सोमवारी फोन केला तेव्हा त्यांनी दुसरीकडून माल घेतलेला होता. चार हजार मीटर कपडा बाजारात मीटरमागे दोन रुपये कमी घेऊन काढावा लागला. वालिदसाहेब काही बोलले नाहीत. ते पत्र त्यांनी फाइलीत लावून ठेवले, एवढेच.

मी १९८६ साली उर्दू माध्यमातून दहावीला बसलो. त्या काळी आम्हाला इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आले. पहिल्या खेपेस मला इंग्रजीत २७ गुण मिळाले आणि ऑक्टोबरची वारी करावी लागली. त्या वेळी पास झालो तेही निबंध आणि पत्रे घोकून. जिवलग मित्रावरचा निबंध मला आजही तोंडपाठ आहे. पेढीवर त्यातले एक वाक्य कधी कामी आले नाही.

म्हणून मुलीच्या बाबतीत मी निराळी रीत धरली. 'अनलेस'च्या पोटात 'नॉट' आधीच दडलेले असते, ही गोष्ट तिला त्या पत्रावरून पाच मिनिटांत समजली. आपण उर्दूत 'जब तक आप न आएँ' म्हणतो, तिथे 'न' वेगळा लागतो. त्या सवयीने आपली मुले इंग्रजीतही 'अनलेस'पुढे 'डू नॉट' लावतात आणि गुण गमावतात. तेच वाक्य 'इफ वुई डू नॉट हिअर' असे फिरवून लिहिणे, हा बोर्डाचा ठरलेला प्रश्न आहे. त्याच ओळीत 'बाय' दोनदा येतो. एक मुदतीचा, दुसरा खरेदीचा. उच्चार एक, स्पेलिंग वेगळे. हाही परीक्षेतलाच विषय.

त्यानंतर आम्ही बिलबुक घेतले. प्रत्येक दुकानदाराच्या बिलावर छापलेले असते, 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.' आपण ते गिऱ्हाइकाला दाखवतो, स्वतः कधी वाचत नाही. कर्मणी प्रयोगाचे याहून चोख उदाहरण गाइडात मिळणार नाही. माल परत कोण घेणार नाही? दुकानदार. वाक्यात तो आहे का? नाही. मुलीने ते वाक्य उलटवून 'वुई विल नॉट टेक बॅक' असे केले. मग तिनेच वहीत मालाची दहा वाक्ये दोन्ही बाजूंनी लिहिली. 'गुड्स' नेहमी अनेकवचनी, त्यापुढे 'इज' नव्हे तर 'आर', हेही तिथेच आले. तसेच 'क्लॉथ' म्हणजे ठाणातला कपडा आणि 'क्लोद्स' म्हणजे अंगावर घालायचे कपडे. हा फरक न पाळणारी पत्रे मी आपल्या बाजारात आजही पाहतो.

दुकानाच्या पाट्यांचाही उपयोग झाला. उर्दूत आपण 'तीस साल से' म्हणतो आणि '१९६२ से'ही म्हणतो. मराठीतही दोन्हीकडे 'पासून' चालते. इंग्रजीत मात्र साल असेल तर 'सिन्स' आणि मुदत असेल तर 'फॉर'. मुलीला हे काही केल्या बसेना. तेव्हा मी तिला बाजारातून एक फेरी मारून आणली आणि पाट्या वाचायला लावल्या. 'सिन्स'पुढे प्रत्येक पाटीवर सालच लिहिलेले होते. 'सिन्स थर्टी इयर्स' असे कोणा पेंटरनेही लिहिलेले दिसले नाही. त्यानंतर तिची ती चूक झाली नाही. 'वुई आर डुइंग' ऐवजी 'वुई हॅव बीन डुइंग' म्हणायला थोडा जास्त वेळ लागला.

उर्दू शाळेतल्या मुलांच्या काही अडचणी त्यांच्याच आहेत, त्या क्लासवाल्यांना ठाऊक नसतात. उर्दूत मोठे अक्षर नाही. म्हणून नाव, गाव, वार, महिना यांचे पहिले अक्षर मुले छोटेच काढतात. जेर, जबर, पेश आपण लिहीत नाही. त्या सवयीने इंग्रजी स्पेलिंगमधलेही स्वर गळतात. क्रियापद आपल्याकडे शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येते. त्यामुळे मुले वाक्य शेवटाकडून शोधत बसतात. मी मुलीला उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगितले. आधी क्रियापद, मग ते करणारा कोण, बाकीचे मागून. आठवडाभर फार सावकाश चालले. दुसऱ्या आठवड्यात रेघ न मारताच नजर तिथे जाऊ लागली.

शब्दसंपदेच्या नावाखाली मुलांकडून शंभर-शंभर शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात, त्या मला पटत नाहीत. कापडाच्या घरातल्या मुलाला कितीतरी इंग्रजी शब्द अर्थासह आधीच येत असतात, फक्त स्पेलिंग करायचे उरते. 'खाकी' आपल्या खाकेतून गेलेला, 'पजामा' पाय आणि जामा यांचा, 'शॉल' आपली शाल, 'चिंट्झ' आपली छींट. 'कॉटन' हा अरबी कुत्नपासून आणि 'टॅरिफ' अरबी तारीफपासून. 'मस्लिन' मोसुल शहराच्या नावावरून, 'कॅलिको' कालिकतवरून. आणि 'डंगरी' आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून! हे सांगितल्यावर मुलगी हसली, पण त्या संध्याकाळी तिने न सांगता शब्दकोश उघडला. क्रियापदांची तीन रूपेही आपल्या धंद्यातूनच काढावीत. 'वीव्ह, वोव्ह, वोव्हन', 'स्पिन, स्पन, स्पन', 'श्रिंक, श्रँक, श्रंक', 'सेल, सोल्ड, सोल्ड'. रंगवण्याचा 'डाय' आणि मरण्याचा 'डाय' वेगळा लिहितात, आणि गाठीचा 'बेल' जामिनाच्या 'बेल'हून वेगळा. एकदा माझ्या मुनीमजींनी ट्रान्सपोर्टवाल्याला दोन जामीन पाठवले होते. माल पोहोचला, ही गोष्ट निराळी.

आता पेपराचा हिसाब. इंग्रजी तृतीय भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तोंडी परीक्षा २० गुणांची. लेखीत निव्वळ व्याकरण आणि शब्दांचे १० गुण, पुस्तकातल्या उताऱ्यांचे २०, कवितेचे १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश मिळून १५, लेखनाचे २० आणि आपल्या माध्यमाच्या भाषेत भाषांतराचे ५. यात पाठांतराला किती वाव आहे ते पाहा. बाहेरच्या उताऱ्याचे १५ गुण कोणतेही गाइड देऊ शकत नाही, आणि आपली मुले तोच प्रश्न शेवटी ठेवून सोडून देतात. त्यासाठी रोज एक छोटा उतारा वाचणे, हा एकच इलाज मला माहीत आहे. आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी मी इंग्रजी वर्तमानपत्रातली कापूस-सुताच्या भावाची बातमी काढून देतो. मुलगी आधी मोठ्याने वाचते, मग चार ओळींत सारांश लिहिते. मोठ्याने वाचल्याने तोंडी परीक्षेची भीतीही जाते. 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणायची आमच्या घरची जुनी सवय अजून पुरती गेलेली नाही, ती माझ्याकडूनच आली आहे.

कोणी म्हणेल, शेठ, दुकान सोडून एवढा वेळ कुठून आणायचा? मी रात्री हिसाब मिळवतो तेव्हा ती शेजारी बसते, अर्धा तास. जी कागदपत्रे आपण रोज हाताळतो तीच तिची वही. २०१७ साली जीएसटी आल्यापासून माझ्या पेढीवर इंग्रजी कागद वाढलेच आहेत, कमी झालेले नाहीत. वकिलाकडे किंवा सीएकडे कागद पाठवण्याआधी घरात कोणी तरी तो वाचू शकत असेल तर त्याची किंमत मी १९९४ सालीच मोजली आहे.

परवा तिने बिलाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारले, 'अब्बा, हे ई. अँड ओ. ई. काय आहे?' मी रुबाबात सांगितले, एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड, म्हणजे चुकभूल मान्य. तिने शब्दकोश काढला. म्हणाली, 'अब्बा, मान्यचा शब्द ए पासून आहे. हा ई पासूनचा, म्हणजे वगळून.' तीस वर्षे मी ते छापत आलो आहे. पुढच्या खेपेस बिलबुक छापायला टाकीन तेव्हा प्रूफ तिच्याकडेच देणार आहे. पेपरला अजून पाच आठवडे आहेत, सध्या आमचे पत्रलेखन चालू आहे.