दातांना वळण

ठाण्याच्या वर्तकनगरात सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास पोखरण रस्त्याने मुलामुलींचे थवेच्या थवे जाताना दिसतात. त्यांतील एखादी मुलगी हसली की तिच्या दातांवरील बारीक तार उन्हात चमकते. पूर्वी हे दृश्य विरळा होते. वेडेवाकडे दात म्हणजे नशिबाचा भाग, असे लोक समजत. त्यांना वळण लावता येते हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. या उपचाराला कोणी ‘ब्रेसेस’ म्हणतात, कोणी नुसते ‘दातांना तारा लावणे’ म्हणतात.

ही विद्या कालपरवाची नव्हे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूच्या पट्टीला दात बांधून ते सरळ करण्याची रीत सांगितली आहे. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगल याने १९०० साली या विषयाचे स्वतंत्र विद्यालय काढले.

दात हा जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक नाजूक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाव हिश्श्याहून अधिक क्वचितच भरेल. दंतवैद्य प्रत्येक दातावर ब्रॅकेट नावाची लहानशी चकती चिकटवितात व तिच्या खाचेतून तार ओवतात. तार आपल्या मूळ आकारात परत येऊ पाहते आणि दातावर मंद दाब देत राहते. ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड हळूहळू विरते. दात सरकल्यावर मागे जी जागा राहते तेथे नवे हाड भरून येते. अशा रीतीने दात महिन्याला फार तर एक मिलिमीटर सरकतो. म्हणूनच या उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. अधिक जोर लावून घाई केल्यास मुळांनाच अपाय होण्याचा संभव असतो.

दंतवैद्य महिन्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास दात पाहतात. महिन्याचे तास होतात ७२०! बाकीचा सर्व वेळ दात विद्यार्थ्याच्याच स्वाधीन असतात.

तारांमध्ये अन्नाचे कण सहज अडकतात. तोंडातील जीवाणू त्यांतील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातील खनिजे हिरावून घेते. अवघ्या महिन्याभरातही ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. तार असेपर्यंत ते नजरेस येत नाहीत. चकत्या निघाल्या म्हणजे जेथे चकती होती तेवढी जागा स्वच्छ आणि भोवती पांढरी चौकट असे चित्र दिसते. यांतील बरेच डाग पुढे पूर्णपणे जात नाहीत. दात सरळ झाले खरे, पण डागाळले, असे व्हावयाचे नसेल तर प्रत्येक खाण्यानंतर निदान खळखळून चूळ भरलीच पाहिजे. मधल्या सुट्टीत शाळेच्या नळावर हे काम अर्ध्या मिनिटात होते. सकाळी व रात्री फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन आरशासमोर ब्रश करावा; तो चकतीच्या वरून, मग खालून, असा तिरका फिरवावा. तारेखालची फट साधा ब्रश साफ करू शकत नाही, तेथे बाटली धुण्याच्या कुंच्यासारखा अगदी बारीक ब्रश लागतो. हिरड्यांतून रक्त आले की मुले भिऊन ब्रश करणेच सोडतात. वास्तविक बहुतेक वेळा हिरड्या सुजतात त्या मळामुळेच.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडे सणावारी बिकट होतो. दिवाळीची कडक चकली, संक्रांतीचा काटेरी हलवा, चिक्की, ऊस, मक्याचे कणीस, बर्फाचे खडे यांनी चकती सुटते. तिळगुळाची मऊ वडी किंवा गुळपोळी खाण्यास हरकत नाही. मात्र नंतर दात घासावेत. पेरू दाताने तोडू नये, पातळ फोडी करून खावा. तार आवळल्यानंतर दोन-तीन दिवस दात ठणकतात. तेव्हा मेतकूट-भात किंवा मुगाची खिचडी यांसारखे सुख नाही. हळदीने तारेवरील पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात. त्याने दातांचे काही बिघडत नाही.

चकती सुटली तरी पुष्कळदा दुखत नाही. त्यामुळे मुले घरी सांगत नाहीत. इकडे बाकीचे दात सरकतात आणि तो एक मागे राहतो. वर्तकनगरातील एखादे कुटुंब मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात उपचार घेत असेल, तर बसने ठाणे स्थानक, तेथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, अशी एक फेरी वाढते. मुलाची शाळा बुडते, आईवडिलांपैकी एकाला रजा घ्यावी लागते, आणि उपचार लांबतो तो निराळाच. गणित सोडविताना पेन्सिल चावण्याची सवयही असाच घात करते.

तार गालाला टोचल्यास दंतवैद्यांनी दिलेले मेण तीवर लावावे. रबरी पट्ट्या सांगितलेल्या वेळेइतक्याच वापराव्यात. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन लावू नयेत.

तारा निघाल्या तरी हाड पक्के होण्यास अवकाश लागतो आणि ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढू पाहतात. त्यासाठी ‘रिटेनर’ नावाचा साचा वापरावा लागतो. गरम पाण्याने धुतल्यास त्याचा आकार बिघडतो. डबा खाताना तो काढून कागदात गुंडाळला, तर कित्येकदा कागदासह केराच्या टोपलीत जातो. म्हणून त्याची डबी दप्तरातच ठेवावी.